बुडालेलं देऊळ, जळालेल्या वह्या

१२ मे १८७५. सुप्याचा बाजाराचा दिवस. आज बारामती तालुक्यात असलेलं हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत होतं. भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरून आलेल्या कुणब्यांनी बाजारपेठेतल्या गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांना वेढा घातला. त्यांना हवे होते कागद. खतं, रोखे, चोपड्या, जे हाती लागेल ते बाहेर ओढलं आणि जाळलं. धान्याची दुकानं लुटली गेली, घरं पेटली. पण माणसांच्या जिवावर फारसं कुणी उठलं नाही. सगळा राग कागदावर होता. सुप्यातून हे लोण पसरत नगर जिल्ह्यात गेलं आणि तीसहून अधिक गावांत वह्यांच्या होळ्या झाल्या. सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये थेट ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारीपासून काही संरक्षण देणारा कायदा झाला.

हिंदुस्थानच्या शेतकऱ्यांच्या इतिहासात सुप्याला पक्की जागा आहे. बारावीच्या इतिहासाच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात सुपं आहे. दिल्लीतला, गुवाहाटीतला मुलगा परीक्षेसाठी हे नाव पाठ करतो. ते त्याच्यापर्यंत पोचलं याचं कारण आयोगाने साक्षी घेतल्या, तक्ते केले आणि ते छापले. पण तो अहवाल सरकारने सरकारसाठी लिहिलेला आहे. शेतकऱ्याचं म्हणणं त्यात इंग्रजी अधिकाऱ्याच्या कानातून आणि लेखणीतून उतरलं आहे. वही जाळणाऱ्याच्या घरात पुढच्या पिढ्यांनी काय सांगितलं, सावकाराच्या घरात काय सांगितलं, कोणतं घर गाव सोडून गेलं आणि कोणतं परत आलं, हे सगळं गावातच गोळा करावं लागतं. ते गावातल्याच, निदान तालुक्यातल्या माणसाने करावं लागतं.

समजा, सुप्यातल्या एखाद्या शिक्षकाने दहा वर्षं खपून हे काम केलं. घराघरांतून आठवणी टिपल्या, जुन्या पेठेचा नकाशा काढला, पुण्याच्या पुराभिलेखागारातले कागद त्याच्याशी ताडून पाहिले. अशा कामासाठी त्याला आपल्या देशात कोणत्या राष्ट्रीय पुरस्काराकडे अर्ज करता येईल?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलं की आपल्या देशाने इतिहासाच्या कामाला मान कसा दिला, याचं एक चित्र समोर येतं. त्यात अभिमानाच्या जागा पुष्कळ आहेत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं. धर्मशास्त्राच्या इतिहासावर आयुष्य घालवलेल्या माणसाला देशाचा सर्वोच्च सन्मान मिळावा, ही फार मोठी गोष्ट होती. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांना १९५७ मध्ये पद्मभूषण मिळालं, दत्तो वामन पोतदारांना १९६७ मध्ये, हसमुख सांकळियांना १९७४ मध्ये. मधुकर ढवळीकर २०११ मध्ये पद्मश्री झाले, बाबासाहेब पुरंदरे २०१९ मध्ये पद्मविभूषण. संस्कृतच्या पंडितांसाठी राष्ट्रपतींचं सन्मानपत्र १९५८ पासून आहे, पाली-प्राकृतसाठी त्यानंतर. रा. चिं. ढेरे यांना विठ्ठलावरच्या ग्रंथासाठी १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही शेवटी इतिहासशोधाचाच गौरव होता.

पण या यादीत मला दोन गोष्टी खटकतात. पद्म पुरस्कारांच्या अधिकृत वर्गवारीत कला आहे, क्रीडा आहे, वैद्यक आहे, व्यापार-उद्योग आहे. पुरातत्त्वाला स्वतःचं घर नाही. २०२१ मध्ये ब्रजवासी लाल यांना पद्मविभूषण मिळालं तेव्हा त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं ‘इतर – पुरातत्त्व’. जो देश उठताबसता पाच हजार वर्षांच्या वारशाबद्दल बोलतो, त्या देशाच्या सन्मानपत्रकात वारसा सांभाळणारा माणूस ‘इतर’च्या रकान्यात बसतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आपला सन्मान एका माणसाला आणि उतारवयात मिळतो, आयुष्यभराच्या कामासाठी. वारशाचं काम मात्र एकट्याचं क्वचितच असतं. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी, डेक्कन कॉलेजने इनामगावला १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, कोठारं, घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं, असं सगळं तिथे सापडलं. महाराष्ट्रातल्या पहिल्या गावकऱ्यांचं इतकं सविस्तर चित्र दुसऱ्या कुठल्या जागेने दिलेलं नाही. या उत्खननामागच्या सांकळिया आणि ढवळीकर यांचे सन्मान योग्यच होते. पण ते काम उभं राहिलं चित्रकार, मोजणीदार, छायाचित्रकार, विद्यार्थी आणि मातीचा रंग बदलताच कुदळ थांबवणाऱ्या गावच्या मजुरांच्या जिवावर. चमूला, गावाला, एका तालुक्यात वर्षानुवर्षं चाललेल्या नोंदीच्या कामाला देता येईल असा राष्ट्रीय मान आपल्याकडे नाही. माझं म्हणणं असं की तो हवा, आणि त्याची सर्वात जास्त गरज बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांना आहे.

हेच तालुके का, ते सांगायला हवं.

पुणे जिल्ह्याचा वारसा म्हटलं की नजर पश्चिमेला, सह्याद्रीकडे जाते. ते स्वाभाविकही आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे १२ किल्ले गेले, त्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन आपल्या जिल्ह्यातले. सगळा महाराष्ट्र त्या दिवशी आनंदला. पण जिल्ह्याच्या पूर्वेला जिथे डोंगर संपतात आणि कऱ्हा, नीरा, भीमा यांच्या काळ्या मातीचा मुलूख सुरू होतो, तिथे कडे नाहीत, बुरुजांवरून दिसणारी दरी नाही. इथला इतिहास सपाट जमिनीवर आहे. तो हिशेबाचा, साऱ्याचा, पाण्याचा, कर्जाचा आणि कवितेचा आहे. अशा इतिहासाचं छायाचित्र चांगलं निघत नाही, म्हणून तो मागे पडतो.

वास्तविक मराठेशाहीची सुरुवात याच सपाटीवर झाली. पुणे आणि सुपे हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीत होते. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. त्या घटनेच्या सालाबद्दल इतिहासकारांत एकमत नाही, जागेबद्दल मात्र परंपरा ठाम आहे. इंदापुरातल्या गढीचं जतन व्हावं, तिथे राजांचं नीट स्मारक व्हावं अशी मागणी गावातल्या शिवप्रेमींनी लावून धरली आहे. सुप्याला शहाजीराजांच्या वतीने संभाजी मोहिते होते, शिवरायांचे सावत्र मामा. सभासदाच्या बखरीत शिमग्याचा पोस्त मागायच्या निमित्ताने महाराज मामांकडे गेले आणि त्यांना कैद करून सुपं ताब्यात घेतलं, असं आलं आहे. स्वराज्याच्या उभारणीतला हा अगदी सुरुवातीचा प्रसंग. राजगडावर जाणाऱ्या हजारो तरुणांपैकी किती जण सुप्याला वाट वाकडी करतात?

इंदापूरची दुसरी ओळख तर इंदापूरकरांनाही क्वचितच सांगितली जाते. मुंबई इलाख्यातली रयतवारीची जमीन मोजणी, जिच्यावर पुढे शंभर वर्षं महाराष्ट्राचा शेतसारा उभा राहिला, ती पद्धत इंदापूर तालुक्यात घडली. पेशवाई गेल्यानंतर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची पहिली मोजणी केली होती. तिच्यात चुका होत्या, सारा जमिनीच्या ताकदीबाहेरचा होता, आणि इंदापूरच्या मुलखात शेतकरी जमिनी टाकून निघून जाऊ लागले. तेव्हा १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इथे नव्याने काम सुरू केलं. नंबरवार मोजणी, मातीचा रंग आणि खोली पाहून जमिनीची प्रत, प्रतीवर आण्यांत ठरलेला दर, आणि तो सारा ३० वर्षं न बदलण्याचं वचन. सारा बराच खाली आला, पडीक शेतं पुन्हा वहितीला आली. मग हीच रीत दख्खनभर गेली. तीस वर्षं भरली तेव्हा, १८६७ मध्ये, पहिली फेरआकारणीही इंदापूरलाच झाली. तोवर अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढून पुन्हा कोसळले होते. वाढलेला सारा आणि आटलेलं कर्ज या कात्रीत सापडलेला शेतकरी आठ वर्षांनी सुप्याच्या बाजारात उभा राहिला.

म्हणजे इंदापूरची मोजणी आणि सुप्याच्या जळालेल्या वह्या ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत आणि दोन्ही शेजारशेजारच्या तालुक्यांत आहेत. जगभरचे शेतीचे इतिहासकार ही गोष्ट अभ्यासतात. तिच्यावरचा एखादा कायमचा फलक, एखादी खोलीभर मांडणी, मोजणीची साखळी, जुना गावनकाशा आणि एखादं कर्जखत शेजारी ठेवून शाळेतल्या पोरांना दाखवता येईल अशी जागा इथे उभी राहिली, तर ती देशातल्या कुठल्याही संग्रहालयाशेजारी ताठ मानेने बसेल.

बारामतीत सावकारीचं दुसरं, उजळ रूप आहे. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईक जोशी यांचा वाडा आहे. हे पेशवाईतलं मोठं सावकारी घराणं. बाबूजींचे भाऊ आबाजी हे पहिल्या बाजीरावांचे मेहुणे, भिऊबाईंचे यजमान. १७४० मध्ये बाजीराव गेल्यावर पेशवेपदासाठी नानासाहेबांच्या विरोधात ज्यांचं नाव पुढे झालं, ते हेच बाबूजी नाईक. त्यांच्या आश्रयाला पन्हाळ्याहून पराडकरांचं कुटुंब आलं. त्या घरातले मोरोपंत, जन्म १७२९, बारामतीतच रमले, नाईकांकडे पुराण सांगत राहिले आणि १७९४ मध्ये इथेच गेले. केकावली आणि अख्खं महाभारत आर्येत उतरवणारा ग्रंथ इथेच घडला. रामायणं तर एकशे आठ. त्यातलं एक ओठ न मिटता म्हणता यावं असं, प-फ-ब-भ-म टाळून रचलेलं. छंदाच्या अशा कसरतींवर नंतरच्या समीक्षकांनी नाकं मुरडली. मला मात्र त्यात एक कारागीर दिसतो, ज्याला जन्मभर एकच सामान वापरून दर वेळी नवी वस्तू करायची आहे. महाराष्ट्रातल्या एका पिढीने मराठी भाषेची शिस्त मोरोपंतांकडून घेतली.

मोरोपंतांची कविता टिकली, कारण तिच्या पोथ्या उतरवल्या गेल्या, आणि पुढे छापखाना आल्यावर पराडकरांच्याच घरातल्या रा. द. पराडकरांनी व इतर संपादकांनी त्या शोधून, ताडून छापल्या. हे काम करणाऱ्यांना कुठलाही राष्ट्रीय सन्मान मिळाला नाही. त्या काळी तो नव्हताच. इतिहासाचार्य राजवाडे १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापून बसले होते. गावोगाव पायपीट करत त्यांनी असे २२ खंड काढले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं आणि १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात देह ठेवला. त्यांना पदक नको होतं. कागद ठेवायला जागा, छपाईला पैसे आणि कागद द्यायला तयार असलेली माणसं हवी होती. वारशाच्या पुरस्कारांचा विचार करताना राजवाड्यांची ही निकड डोळ्यांपुढे ठेवावी असं वाटतं. मानाने ती भागते का, हे पाहावं.

बारामतीच्या पश्चिमेला, मोरगावच्या मयूरेश्वरापासून फार लांब नाही, लोणी भापकर आहे. अष्टविनायकाच्या यात्रेतल्या गाड्या मोरगावला थांबतात आणि परत फिरतात. लोणीत यादवकाळातलं मल्लिकार्जुनाचं देऊळ आहे आणि त्याच्यापुढे महाराष्ट्रातल्या सर्वात देखण्या पुष्करणींपैकी एक. घडीव दगडाच्या पायऱ्या चारी बाजूंनी खाली उतरतात, भिंतींत लहान लहान देवकोष्ठं आहेत, काठावर कोरीव खांबांचा मंडप. जवळच यज्ञवराहाची मूर्ती आहे. चौपाया वराह, अंगभर बारीक कोरीव मूर्ती. अशी मूर्ती महाराष्ट्रात दुर्मीळ आहे. शैव देवळाच्या दारात विष्णूचा वराह कसा, या प्रश्नावर अभ्यासकांनी पुष्कळ विचार केला आहे. मूळचं देऊळ विष्णूचं असावं, असाही एक तर्क आहे.

बारवांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात एक चांगलं काम झालं. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या बारव मोहिमेत गावोगावच्या तरुणांनी शेकडो बारवा शोधल्या, त्यांची जागा नकाशावर टाकली, गाळ आणि झुडपं काढली, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावले. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या कामाचा उल्लेख केला. त्या उल्लेखाने जे घडलं त्यात मला सगळ्यात मोलाचं हे वाटतं की अनेक गावांत तोवर कचरा टाकण्याची जागा असलेल्या विहिरीकडे लोक थांबून पाहायला लागले. मान मिळाल्यावर वस्तू बदलत नाही, बघणाऱ्याची नजर बदलते. या मोहिमेने आणखी एक गोष्ट दाखवली. साफसफाईला हात मिळतात, मोजमापाला मिळत नाहीत. पायऱ्या किती, टप्पे किती, कोष्ठात कोणती मूर्ती, शिलालेख आहे का, पाणी कोणत्या महिन्यात कुठवर असतं, ही माहिती कागदावर उतरवणं कंटाळवाणं आहे. ते करून घ्यायचं तर त्यामागे काही कारण उभं करावं लागतं.

युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कार हे कारण नेमकं पुरवतात. २००० पासून ते दिले जातात. त्यासाठी वास्तू ५० वर्षांहून जुनी हवी, काम पूर्ण होऊन वर्षभर तरी वापरात असायला हवी. २०२२ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला यातला सर्वोच्च उत्कृष्टता पुरस्कार मिळाला, भायखळा रेल्वे स्थानकालाही त्याच वर्षी मान मिळाला, आणि गोवळकोंड्याच्या बारवांनाही. त्याआधी २००५ मध्ये भाऊ दाजी लाड संग्रहालयाला उत्कृष्टता पुरस्कार मिळाला होता. या सगळ्यांना अर्जाबरोबर आधीची आणि नंतरची छायाचित्रं, आराखडे, वापरलेल्या चुन्या-दगडाचा तपशील, स्थानिक लोकांचा सहभाग आणि पुढच्या देखभालीची व्यवस्था, असं सारं लिहून द्यावं लागतं. निकाल काहीही लागो, अर्ज भरताना एका वास्तूची पक्की नोंद तयार होते. वारशाच्या पुरस्काराचं खरं काम अर्जातच होऊन जातं असं मी म्हणेन. समारंभ त्यानंतरचा.

महाराष्ट्रातले हे मान पाहिले तर बहुतेक मुंबईचे आहेत. तिथे संवर्धक वास्तुविशारद आहेत, विश्वस्त आहेत, देणग्या आहेत, इंग्रजीत अर्ज लिहिणारी माणसं आहेत. लोणी भापकरच्या पुष्करणीत गुणवत्तेची काही कमी नाही. तिचा अर्ज लिहायला कुणी बसलेलं नाही.

आता पळसदेव.

इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठी पळसदेव हे जुनं गाव होतं. पळसनाथाचं देऊळ, त्याला उंच शिखर, सभोवती ओवऱ्या, आवारात विरगळ आणि सतीशिळा. जवळच दुसरं दगडी देऊळ, ज्याच्या बाहेरच्या भिंतींवर रामायणातले प्रसंग कोरलेले आहेत. मराठीतल्या प्राचीन कोरीव लेखांत पळसदेवच्या बाराव्या शतकातल्या लेखाची गणना होते. ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या शंभरहून अधिक वर्षं आधी या गावात कुणीतरी दगडावर मराठी अक्षरं कोरून घेतली होती.

मग उजनी धरण आलं. १९८० पर्यंत भीमा अडली आणि यशवंतसागर भरला. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या आसपास आणि उरलेला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा. हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पळसदेवचं नशीब त्यावर ठरतं. धरण पाण्याने भरलेलं असलं की देऊळ बुडालेलं. उपयुक्त साठा संपला आणि मृतसाठ्याला हात लागला, लोकांच्या भाषेत धरण ‘मायनस’मध्ये गेलं, की आधी शिखर वर येतं, मग मंडप, आणि पाणी अगदीच खाली गेलं तर पायथा आणि आवार. गाव केव्हाच वर हललं आहे. देवाची पिंडी लोकांनी नव्या गावात नेली, तिथे नवं देऊळ बांधलं.

२०२४ चा उन्हाळा असाच कडक होता. धरण उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेलं आणि पळसनाथाचं देऊळ पायापर्यंत उघडं पडलं. माणसांची रीघ लागली. वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर, मोबाईलवर चित्रं झळकली. धरणाच्या काठच्या शेतकऱ्याला मात्र ते दिवस पिण्याच्या पाण्याचे आणि जळत्या उसाचे होते. ज्या वर्षी पळसदेव दिसतं त्या वर्षी मुलूख होरपळलेला असतो. हा दुहेरीपणा विसरून या देवळाबद्दल लिहिणं मला पटत नाही. याच धरणाच्या पाण्यावर इंदापूर, करमाळा, माढा उभे आहेत. देऊळ बुडालं म्हणून धरण नको होतं, असं म्हणायची माझी तयारी नाही.

पण देऊळ बुडण्यापूर्वी आणि बुडाल्यानंतर काय करायचं राहिलं, हे विचारायला हवं. आंध्र प्रदेशात कृष्णेवर नागार्जुनसागर बांधताना नागार्जुनकोंड्याचं उत्खनन १९५४ ते १९६० असं आधी उरकून घेतलं, नऊ निवडक वास्तू हलवून पुन्हा उभ्या केल्या, टेकडीवर संग्रहालय केलं. इजिप्तमध्ये आस्वान धरणासाठी अबू सिंबेलची देवळं १९६८ पर्यंत दगड दगड कापून वर नेली. त्यासाठी जगाने पैसा दिला. उजनीच्या वेळी भीमाकाठच्या गावांना असं भाग्य लाभलं नाही. शिखराच्या विटा आणि चुना चार दशकं भिजत आणि वाळत आहेत. दर बुडण्याला सांधे सैल होतात, दर उघडण्याला लोक शिखरावर चढतात, विरगळ सरकवले जातात. जे आज मोजता येतं ते पुढच्या दुष्काळात मोजता येईलच असं नाही.

नेमक्या अशा जागी पुरस्काराची रचना महत्त्वाची ठरते. अमेरिकेत स्थानिक इतिहासाच्या राष्ट्रीय संघटनेतर्फे १९४५ पासून पुरस्कार दिले जातात. ते मोठ्या संग्रहालयांना मिळतात तसेच एखाद्या खेड्यातल्या स्वयंसेवकांच्या मंडळालाही. एका प्रदर्शनाला, एका पुस्तकाला, तोंडी आठवणींच्या एका संग्रहाला. कॅनडात गव्हर्नर जनरलच्या नावाच्या इतिहास पुरस्कारांत शिक्षकांसाठी वेगळा आणि लोकसमूहांच्या उपक्रमांसाठी वेगळा विभाग आहे. युरोपात २००२ पासून चालत आलेल्या वारसा पुरस्कारांत जतनाबरोबर संशोधन आणि नागरिकांचा सहभाग यांनाही जागा आहे. आपल्याकडे राष्ट्रीय पर्यटन पुरस्कार आहेत. बारामतीजवळच्या पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी उभ्या केलेल्या कृषी पर्यटनाला त्यातला एक मिळाला, आणि त्यानंतर कृषी पर्यटन ही कल्पना महाराष्ट्रभर शेतकऱ्यांनी उचलली. एका राष्ट्रीय मानाने तालुक्यातली एक गोष्ट राज्यभर कशी जाते, त्याचा हा घरचाच दाखला. पण पर्यटनाचा मान पाहुणे किती आले यावर तोलला जातो. पळसदेवच्या लेखाचा ठसा घेणाऱ्याकडे एकही पाहुणा येणार नाही.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘मेरा गाँव मेरी धरोहर’ हे संकेतस्थळ सुरू केलं. देशातल्या सुमारे साडेसहा लाख गावांची सांस्कृतिक माहिती एकत्र करायची, हा त्याचा संकल्प. तो मनापासून स्वागतार्ह आहे. मात्र साडेसहा लाख गावांची माहिती भरताना प्रत्येक गावाच्या वाट्याला जेवढा तपशील येतो, तेवढ्यावर विरगळ ओळखता येत नाही. त्याच्या पुढचं काम तालुक्यातल्या महाविद्यालयांचं, शाळांचं, वाचनालयांचं आहे. तालुकास्तरावरच्या इतिहासनोंदीसाठी एक राष्ट्रीय पुरस्कार निघाला, त्याचा अर्ज मराठीत भरता आला, आणि निवडीची मुख्य कसोटी ‘मागे काय नोंद ठेवली’ ही असली, तर बारामती-इंदापुरातली कितीतरी माणसं पुढे येतील याची मला खात्री आहे. नीरा नरसिंहपूरला, जिथे नीरा भीमेला मिळते तिथे, विंचूरकर सरदारांनी अठराव्या शतकात उभं केलेलं नरसिंहाचं भव्य देऊळ आहे, संगमावरचा घाट आहे. तिथल्या क्षेत्रोपाध्यांच्या घरांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी असणार. त्यांची चित्रप्रत काढून ठेवणं हेसुद्धा अशा पुरस्काराला पात्र काम आहे.

असा पुरस्कार येईपर्यंत हात जोडून बसायचीही गरज नाही. आज खुल्या असलेल्या एका मानासाठी या दोन तालुक्यांकडे देशातल्या मोजक्या जागांकडे असेल असं द्रव्य आहे. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोग, ज्याचं मुख्यालय नवी दिल्लीत आहे, तो १०० वर्षांहून जुन्या सिंचनरचनांना जागतिक वारसा म्हणून मान्यता देतो. २०२० मध्ये ही मान्यता सिंधुदुर्गातल्या धामापूर तलावाला मिळाली. १५३० मध्ये बांधलेला हा तलाव. त्यासाठी धडपड केली ती तिथल्याच लोकांनी.

आपल्याकडचं ते द्रव्य म्हणजे नीरेचा डावा कालवा. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मोठ्या दुष्काळांच्या छायेत खणला गेला. भाटघरचं धरण त्याला पाणी देऊ लागलं. बारामती आणि इंदापूरचा सगळा कायापालट या कालव्याने केला. ज्या मुलखात विंगेटला ओसाड शेतं दिसली होती, ज्या मुलखात शेतकऱ्याने सावकाराच्या वह्या जाळल्या होत्या, तिथे ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले आणि पुढचं राजकारणही त्याच पाण्यावर पोसलं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात अभियंता असताना पाण्याच्या वाटपासाठी त्यांनी सुचवलेली ‘ब्लॉक’ पद्धत याच नीरा कालव्यावर आली. पुढे १९५५ मध्ये ज्यांना भारतरत्न मिळालं, त्यांच्या विचाराची एक प्रयोगशाळा बारामतीच्या शिवारात होती. कालव्यावरचे जुने दगडी पूल, मोऱ्या, पाटकऱ्यांच्या चौक्या, पाळीपत्रकं आणि पाण्याच्या भांडणांचे निवाडे यांतलं जे शिल्लक आहे ते कालव्याच्या शाखेशाखेने पाहून, मोजून, छायाचित्रांसह एकत्र करायचं. जलसंपदा खात्याचं जुनं दप्तर, पुराभिलेखागार आणि ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुष्काळी कामावर पाट खणला त्या घरांच्या आठवणी, अशी तीन ठिकाणं आधी गाठायची. बारामतीत अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, इतिहासाचे आहेत, शेतीचे आहेत, आणि कालवा त्यांच्या गावातूनच वाहतो.